जावईबापूंचे दिवे

"दोन्ही एकदम लुकलुकतायत की आलटूनपालटून?" बॉनेटखाली डोकं घालून जावयाने विचारलं.

"एकदम," स्टिअरिंगमागे बसलेली त्याची बायको म्हणाली. "मागच्या रविवारसारखेच."

शेडच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल थरथरत होते. दोन बल्ब ठरवून एकाच वेळी आजारी पडत नाहीत. दोघांच्या वायरी जिथे एकत्र येतात, बिघाड तिथेच कुठेतरी असणार. हे त्याने सासऱ्यांना समजावून सांगितलं.

सासरे दारातच खुर्ची टाकून बसले होते. "दर रविवारी हेच गुऱ्हाळ! आजवर काय दिवे लावलेत तुम्ही, ते समोर भिंतीवर दिसतंयच की, जावईबापू."

जावई कसनुसं हसला. काही महिन्यांपूर्वी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं, ती बॅग भरून माहेरी आली आणि परत गेलीच नाही. त्याचे फोनही घेईना. मग सासऱ्यांच्या या गाडीचे दिवे बिघडले. गाडी म्हातारी, तिच्या खोड्या फक्त जावयाला ठाऊक. सासऱ्यांनी नाइलाजाने त्यालाच बोलावलं. तेव्हापासून तो दर रविवारी दुपारी यायचा, दिवे ठीक करायचा आणि आठवडा सरता सरता ते पुन्हा लुकलुकायला लागायचे.

त्याने बॅटरीला मीटर लावला. काटा बारा व्होल्टवर स्थिर राहिला, म्हणजे बॅटरी ठीक होती. दिव्यांचा रिले, म्हणजे करंट जोडणारा स्विच, काढून त्या जागी हॉर्नचा लावून पाहिला, फरक नाही. मग बॅटरीजवळची काळी वायर चिमटीत धरून हलवली, तशी भिंतीवरच्या गोलांनी उडीच मारली.

"सापडलं. अर्थची वायर. दिव्यांतून आलेला करंट हिच्यातून पत्र्यात उतरतो. हिचा नट सैल झालाय."

"अर्थच सैल म्हटल्यावर काय बोलणार!" सासरे म्हणाले. "म्हणजे एवढं नाटक या एका नटाचं होय?"

बायको उतरून त्याच्या शेजारी येऊन वाकली. "हा? कोपऱ्यातला?"

"हो."

"आणि हा आपोआप सैल होतो?"

"हादऱ्यांनी होतो."

"असं," ती म्हणाली आणि त्याने मागायच्या आधीच दहा नंबरचा पाना त्याच्या हातात दिला.

"आज काय ते कायमचं करा," सासऱ्यांचा आवाज चढला. "परवा रात्री ही एकटी येत होती. वळणावर दिवे पार गेले. समोरून ट्रक! नशीब म्हणून वाचली. मी वकिलाशी बोलून ठेवलंय. दिव्यांचं मिटवा, मग तुमचं दोघांचंही काय ते मिटवून टाकू."

पाना खाली पडला. त्याने बायकोकडे पाहिलं. "मला सांगितलं नाहीस?"

"लागलं नाही कुठे. काय सांगायचं?"

नट हादऱ्यांनी सैल होतच नव्हता. दर रविवारी निघण्याआधी तोच थोडासा सैल ठेवून जात होता. भिंतीवर दिवे शहाण्यासारखे उभे राहतील आणि चार खड्डे खाल्ले की लुकलुकतील, इतकाच. दिवे सुधारले की या घरात पाऊल टाकायला त्याच्याकडे निमित्त उरणार नव्हतं. बायकोशी दोन शब्द बोलायला मिळायचे ते या बॉनेटपाशीच. त्या दोन शब्दांपायी आपण तिला ट्रकखाली घातलं असतं, हे आता त्याला कळलं. स्वतःची शिसारी आली.

त्याने पाना उचलला. वायरचं टोक पॉलिश पेपरने लख्ख घासलं. नटाखाली नवा वॉशर घातला आणि हाताच्या शिरा फुगेपर्यंत आवळला. इंजिन रेस केलं, बॉनेट आपटलं, बंपर धरून गाडी गदागदा हलवली. भिंतीवरचे गोल ढिम्म.

"झालं. आता कधीच सैल होणार नाही."

"म्हणजे पुढच्या रविवारी चक्कर मारायला नको," सासरे म्हणाले.

"नको."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडेच बघत होती.

"पाना राहू दे इथेच," तो सामान भरायला लागल्यावर ती म्हणाली. "घरात एखादा असावा."

त्याने पाना तिच्या हातात ठेवला आणि मागे वळून न बघता तो फाटकाबाहेर पडला.

तो आठवडा त्याने कसाबसा ढकलला. जेवण जाईना, कामात लक्ष लागेना. रविवार उजाडला तेव्हा करायला काहीच नव्हतं. तो अंथरुणात लोळत पडला. वकिलाचा फोन येईल म्हणून धास्ती होतीच.

फोन वाजला. पडद्यावर बायकोचं नाव होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"दिवे लुकलुकतायत," ती म्हणाली.

तो ताडकन उठून बसला. "कुठे आहेस? गाडी आहे तिथेच उभी कर! चालवू नकोस!"

"घरीच आहे. तू गेल्यापासून गाडी शेडमधून हललेली नाही. किल्ली मीच लपवून ठेवलीय."

"मग शक्यच नाही. अगं, मी नट पूर्ण ताकदीने आवळला होता."

"माहितीये," ती म्हणाली. "इतका कशाला आवळायचा? सोडवताना बोटं सोलवटली माझी."