लोळायची भूमिका

"कट!" तरुण दिग्दर्शक ओरडला. "प्रोखोर इग्नातिच, दारू पिऊन गटाराकाठी लोळायचंय तुम्हाला, दारूबंदी जाहीर करायची नाहीये!"

प्रोखोरने पाहिलं, तर उजवा हात बाटलीसकट पुढे गेला होता, थेट उज्ज्वल भविष्याकडे.

हाताचा तरी काय दोष? ऐन तारुण्यात टक्कल पडलं, चेहरा महान नेत्याशी जुळला आणि सोव्हिएत सिनेमात त्याला हात पुढे करून उभ्या नेत्याचीच भूमिका कायमची चिकटली. केवढा मान! मग पक्षाच्या साहेबाने बजावलं, हे तोंड आता दुसऱ्या कुठल्या भूमिकेत दिसायचं नाही. चोर नाही, प्रियकर नाही, दारुडा तर मुळीच नाही. बिअरच्या रांगेतही उभं राहायचं नाही, नेत्याची बदनामी होते. शेवटी बायको सर्कशीतल्या विदूषकाबरोबर निघून गेली. तो निदान घरी येताना तोंड धुऊन यायचा.

आता सरकारच बुडालं होतं आणि साठाव्या वर्षी प्रोखोरला पहिल्यांदा साध्या माणसाची भूमिका मिळाली होती.

दुसऱ्या टेकला तो मोठ्या हौसेने झोकांड्या खात आला. तोच मेकअपवाली म्हातारी क्लावा, नेता सेटवर आला की उठायच्या जुन्या सवयीने, ताडकन उभी राहिली, तिच्यामागोमाग सगळं युनिट उठलं आणि प्रोखोरची पाठ आपोआप ताठ झाली.

भूमिका दुसऱ्याला गेली. घरी जाताना चौकात गर्दी दिसली. नेत्याचा पुतळा क्रेनने खाली ओढला होता आणि तो गटाराकाठी चिखलात उताणा लोळत होता, हात आभाळाकडे करून.

"लेका," प्रोखोर पुटपुटला, "तुला पहिल्याच टेकला जमलं की!"