निजलेले जंतू

"तुमचे जंतू आम्ही दोनदा तपासले," डॉ. चारुता गुलाबला म्हणाल्या. "पहिल्या आजारातले, आणि आता टीबी उलटल्यावरचे. जनुकं तीच आहेत, एक अक्षरही बदललेलं नाही. म्हणजे नवीन लागण नाही, आणि जंतू औषधाला दाद देईनासे झालेत असंही नाही."

"मंग पुन्हा काऊन झालं?" शेजारी बसलेल्या कुसुमबाईनं, गुलाबच्या आईनं, विचारलं.

"जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. कोणतं जनुक काम करेल आणि कोणतं गप्प बसेल, ते त्यांवरही ठरतं. काही जंतूंच्या खुणा वेगळ्या निघाल्या. एकाच आईची लेकरं, पण काही निजून राहिली असावीत. औषध मुख्यतः जागत्यांना मारतं. आमचा अभ्यास अजून चालू आहे. पण एकही गोळी न चुकवणाऱ्यालाही असं होऊ शकतं, एवढं नक्की."



पहिल्या आजारात कुसुमबाई पुलगावहून रोहण्याला, लेकीच्या सासरी येऊन राहिली होती. रोज सकाळी ती गुलाबच्या हातावर गोळ्या ठेवायची. गिळून झाल्यावर जीभ वर करायला लावायची. पुढे टीबी उलटल्याचं कळून कुसुमबाई पुन्हा आली, तेव्हा सासूनं सगळ्यांसमोर म्हटलं, हिनं गोळ्या वांग्याच्या वाफ्यात फेकल्या. नवरा, कैलास, भाजीची टोपली उचलून बाहेर निघून गेला. गुलाबनं आईकडे पाहिलं.

"फेकल्या असतीन जी," कुसुमबाई म्हणाली. "लहानपणापासून अशीच हाय."

मग लेकीला बाजूला घेऊन ती कुजबुजली, "कबूल कर. माफी माग. नांदू देतीन."

गुलाबनं सासूच्या पायावर डोकं ठेवलं आणि न केलेली चूक कबूल केली. तरी सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं. तिच्या पोरीला, नयनला, मात्र ठेवून घेतलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कुसुमबाईचा चेहरा खुलला होता.

"बरं झालं बाई. आता रोहण्याले जाऊ. कैलासले सांगू, तुही काई चूक नव्हती म्हणून."

"त्याले काय सांगाचं? तो सकाळीच भाजी घेऊन बाजारात जाये. त्याले काय माहीत होतं?" गुलाब थांबली. "तुले माहीत होतं, माय."

"तुह्या संसारासाठीच बोलली मी."

"बरी झाली का, मंग मी जाईन. नयनले घेऊन येईन. तू नको येऊ."

पुलगावच्या बसमध्ये कुसुमबाईनं दोघींची जागा धरली. पदरानं सीट पुसली आणि हाक मारली. गुलाब तिच्या बाजूनं पुढे गेली, समोरच्या एका खिडकीशी बसली आणि तोंडावरचा मास्क नीट केला. मागून पुन्हा हाक आली.

शेजारची बाई वळून पाहत म्हणाली, "त्या मांगच्या बाई तुमाले बलावून राह्यल्या वाटते."

"मले नाई," गुलाब म्हणाली. "दुसऱ्या कोणाले बलावत असतीन."