रामराव सगळ्यात खाली

जत्रा कमिटीची निमंत्रणं छापायला अरुंधतीनं जालन्यातल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासात बसून पर्ल या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. प्रत्येक सभासदाच्या नावाची एकेक सबरूटीन, म्हणजे नावानं हाक मारली की त्याचं निमंत्रण काढून देणारा तुकडा. काल त्यातलेच एक सभासद भुजंगराव येऊन भांडले आणि आपलं नाव सगळ्यात वर चढवूनच गेले. आज पिंपळगाव रेणुकाईहून रामराव आले. एकेक इंग्रजी अक्षर लावत त्यांनी प्रोग्रामचा छापील कागद शेवटपर्यंत वाचला आणि त्यांचा पारा चढला.

"मी अध्यक्ष, आन् माझंच नाव तळाला?"

असं रोज एकाला वर घेत बसलं तर जत्रा उलटून जायची. अरुंधतीनं चेहरा गंभीर केला.

"त्याचं असंय काका, जो वर आहे त्याची ओळख आधीच झालेली असते. त्याला नुसत्या नावानं हाक मारली तरी चालते. खालच्याला मात्र नावापुढं कंस लावून मानानं बोलवावं लागतं. नाहीतर तो येतच नाही. घेऊ का तुम्हाला वर?"

रामरावांनी टोपी नीट केली.

"बिलकुल न्हाई. मला खालीच राहू द्या. आन् त्या भुजंगला वरून हलवू नका."