उलटा वायसर

"सैफुद्दीन, हिच्यातली हवा काढून देता येईन काय?"

भिवाजी गुरुजींनी पिशवीतून बाटली काढून सायकल दुकानाच्या पाटावर ठेवली. सैफुद्दीनचा हात थांबला. बाटली वाइनची होती. उघडलेली, अर्धी रिकामी.

अनसिंगातलं दारूचं दुकान बंद करायला निघालेल्या मोर्चात हेच गुरुजी सगळ्यांच्या पुढे होते. लेक धम्मदीपा नाशिककडे वाइनच्या कारखान्यात नोकरीला लागली, तेव्हापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. त्याला दोन वर्षं झाली होती. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"हवा लागली का आंबट होते म्हणे," गुरुजी खाली पाहत म्हणाले. "शनिवारपर्यंत टिकली पायजे."

हयातभर सैफुद्दीननं लोकांना हवा भरून दिली होती. काढून मागणारा हा पहिलाच. त्यानं जुना पंप खोलला, आतला चमड्याचा वायसर तेलात भिजवून मऊ केला आणि उलटा बसवला. हवा भरणारा पंप आता हवा ओढू लागला. मग रबरी बुचाला भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह उलटा बसवला. हवा बाहेर येईल, आत जाणार नाही. पहिलं बूच फुसफुसलं. दुसरंही. मधेच दोघं जण हवा भरायला आले, तेव्हा त्यानं बाटलीवर फडकं टाकलं. तिसऱ्या बुचाला त्यानं ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि वीसेक वेळा दांडा ओढला. बूच असं दबून बसलं की बोटांनी हलेना.

"फ्रीजात ठेवा. हा पंप घेऊन जा, रोज सकाळी चार दांडे ओढत जा."

गुरुजी उठले, पण पाय निघेना. "कोनासाठी, इचारलं नाई तू."

"मी हवेचं काम करतो, गुरुजी. आतल्या मालाचं नाई."

शनिवारी धम्मदीपा आली. वडिलांनीच फोन करून बोलावलं होतं. तिनं बूच सोडवलं, पेल्यात घोटभर ओतली, वास घेतला, चाखली. तिनं स्वतः बनवलेली ही पहिली वाइन. चुलतभावाच्या हाती तिनंच ती घरी पाठवली होती, सोबत चिठ्ठी लिहून: 'बाबा, पिऊ नका. फक्त वास घ्या. माझ्या हातची पहिली आहे. उघडली तर हवा लागू देऊ नका.'

"आत्ता उघडल्यासारखी हाय," ती म्हणाली. मग तिनं बाटली उजेडात धरली आणि हळूच विचारलं, "बाबा, अर्धी तुमी पेले?"

"मोरी पेली," भिवाजी म्हणाले. "चिठ्ठी वाचाले मले उशीर झाला."