टॉवेलखालची बॅटरी

पळसाच्या झाडांतून एक बाई नदीकडे उतरताना दिसली, तसा संघदीपने आधी स्पीकर बंद केला, मग दिव्यांची माळ. बॅटरीवरचे हिरवे ठिपके तेवढे जळत राहिले. त्यांच्यावर त्याने टॉवेल टाकला.

दीपा तंबूच्या तोंडाशी कांदा चिरत होती. काय झालं म्हणून तिने मान वर केली, तर त्याने डोळ्यांनीच तिला गप्प बसवलं.

दोघं नवरा-बायको सकाळी वणीहून इलेक्ट्रिक सायकलींवर निघाली होती. मारेगावच्या अलीकडे, तांड्याखालच्या नदीकाठी एक रात्र तंबूत काढायची, असं लग्न झाल्यापासून त्यांच्या मनात होतं. संघदीप आयटीआयमध्ये शिकवायचा. एका सायकलची बॅटरी काढून त्याने छोट्या इन्व्हर्टरला जोडली होती. त्यावर दिवे लागत, गाणी वाजत, चहाची किटलीसुद्धा चाले. दुसरी बॅटरी सायकललाच होती, भरलेली. दुपारपासून तो या सगळ्याचे फोटो काढत होता. दीपाही कौतुकाने बघत होती.

बाई जवळ आली. साठीची असावी. हातभर पांढऱ्या बांगड्या, पायात रबरी चप्पल, मुठीत बटनांचा जुना मोबाइल.

"भाऊ, याले जरासं चार्जिंग देता का?" तिने विचारलं. "तांड्यातली डीपी जळली. चार दिवस झाले, कोणाच्याच घरी लाइट नाही. मले आज फोन..."

"बॅटरी संपली, मावशी," संघदीप मध्येच म्हणाला. "आम्हीच अंधारात आहो."

बाईने तंबूकडे पाहिलं, विझलेल्या माळेकडे पाहिलं. किटलीच्या तोंडातून अजून वाफ निघत होती. ती मान हलवून आल्या वाटेने चढू लागली. अर्ध्या चढावर कंबरेला हात लावून क्षणभर थांबली, मग झाडांआड गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर संघदीपने टॉवेल उचलला. चारही ठिपके हिरवे होते.

मोबाइलला कितीशी वीज लागते, असं दीपाने विचारलं. ते त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एकीला हो म्हटलं की सगळा तांडा मोबाइल घेऊन येईल, मग रात्रभर तेच करत बसावं लागेल, असं तो म्हणाला. त्याने दिवे लावले. स्पीकरला मात्र त्याचा हात गेला नाही. तिने चहा दोन कपांत ओतला आणि आपला कप तसाच वाळूवर ठेवला.

थोड्या वेळाने, अंधार दाटल्यावर, चढावर काठी वाजली. एक म्हातारा एक पाय ओढत, दगड चाचपत खाली येत होता. हातात टॉर्च होता, पण तो विझवलेला. बाईने घरी जाऊन सांगितलं असेल आणि आता हा भांडायला आला असेल, असं संघदीपला वाटलं. दिवे विझवावे म्हणून तो वळला. पण म्हाताऱ्याला ते केव्हाच दिसले असणार. संघदीप तिथेच उभा राहिला.

म्हातारा उजेडात आला. दिव्यांची माळ त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"मी बाबूसिंग, वरच्या तांड्यातला," तो म्हणाला. "तुमची बॅटरी संपली म्हणे. या दिवसांत डुकरं पाण्यावर येतात. उजेड असला तं जवळ येत नाही. म्हणून आलो." मग माळेकडे मान करून तो म्हणाला, "लागली वाटते लाइट. बरं झालं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर संघदीपला काही तरी उत्तर देता आलं असतं.

बाबूसिंग परत फिरू लागला. दीपाने त्याला चहा घ्यायला सांगितलं. तो नको म्हणाला. तेव्हा तिने विचारलं, मावशींना फोन कोणाला करायचा होता?

तो काठीवर टेकून सांगू लागला. पोरगी बबिता बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळी तिला त्रास सुरू झाला. गाडीत एकालाच जागा होती, म्हणून जावई सोबत गेला. मारेगावहून तिला यवतमाळला पाठवलं, एवढंच कळलं, आणि फोन बंद पडला. नंबर सगळे त्या फोनमध्येच. तांड्यातली जवान माणसं ऊस तोडायला गेलेली, मोटरसायकल घेऊन धावेल असं कोणी नाही.

"फोन कुठे आहे?" संघदीपने विचारलं.

"घरवाली घेऊन गेली, सुखी. पलीकडच्या गावात लाइट हाये, तिथं लावतो म्हणे. माझा पाय चालत नाही, नाही तं मीच गेलो असतो."

बॅटरी संपली नव्हती, हे संघदीपला सांगायचं होतं. पण म्हातारा त्याच्याकडे न पाहता पाण्याकडे पाहत होता, जणू ते ऐकायची पाळी आपल्यावर येऊ नये, असं त्याला वाटत होतं. संघदीपने दुसरी सायकल उचलून वाटेवर घेतली. दीपाने तंबूतली आपली शाल आणून त्याच्या हँडलवर टाकली.

"मी गाठतो त्यांना," तो म्हणाला. "टॉर्च असेल ना त्यांच्याजवळ? उजेड लांबूनच दिसेल."

बाबूसिंगने हातातल्या टॉर्चकडे पाहिलं.

"नाही. घरात बॅटरी ही एकच. घेऊन जा म्हटलं मी तिले. तं म्हणे, मले वाट पाठ हाये. त्या लेकरायची बॅटरी संपली, ही त्यायले नेऊन दे."