हिची नाटकं

बाथरूममधून बाहेर आली की सोळा वर्षांची लेक घामाने निथळायची, "छातीत धडधडतंय" म्हणत भिंतीला टेकायची. "परीक्षा आली की हिची नाटकं सुरू!" बाप खेकसायचा. आई गप्प बसायची, आजी त्याहून गप्प.

एक दिवस पोरगी शाळेतच कोसळली, तेव्हा कुठे दवाखाना झाला. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, तिला लघवीला पाठवलं आणि ती परत आल्या आल्या पुन्हा मोजला. आकडा बघून त्यांनी लगेच स्कॅन करायला लावला.

"मूत्राशयात गाठ आहे. लघवी करताना ती आवळली जाते, तिच्यातून रक्तात संप्रेरकं सुटतात आणि रक्तदाब उसळतो. या वयात फार क्वचित होते, पण ऑपरेशन करून काढली की पोरगी ठणठणीत. कधीकधी ही घराण्यातून येते. तुमच्याकडे कुणाला असं व्हायचं का?"

"छे, कुणालाच नाही," बाप म्हणाला.



सोबत आलेल्या आजीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तुझी धाकटी बहीण अशीच घाम पुसत बाहेर यायची की रे. ती गेली त्या दिवशी, 'कर आता आतच नाटकं' म्हणत बाथरूमला बाहेरून कडी तूच घातली होतीस ना?"