उजवा कौल

देवानेच उजवा कौल दिल्यावर मी काय बोलणार? गुरवाने देवाला पाकळ्या लावून सगळ्या गावादेखत विचारलं होतं, “बॅटऱ्यांसाठी लिथियम शोधायचं म्हणतात. काजूच्या डोंगरावर खणू द्यायचं का?” उजवी पाकळी पडली. म्हणजे होकार.

आम्ही नवराबायकोने डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली कलमं खाणीत जाणार, आणि देव खुशाल हो म्हणतो! तेव्हापासून मी देवळाची पायरी चढले नाही.

आज शोध घेणाऱ्या मॅडम पडवीत येऊन बसल्या. चेहरा उतरलेला. “काकू, डोंगरभर भोकं पाडली, पण लिथियम नावालाच निघालं. खाण होणार नाही. उद्या मशीन हलवतो.”

मला रडूच कोसळलं. डोळे पुसता पुसता त्यांच्या सरबतात साखर दोनदा पडली.

मग नारळ घेऊन तडक देवळात गेले आणि देवाला फैलावर घेतलं. “खाली काही नाही हे ठाऊक होतं, तर तेव्हाच सांगायला काय झालं होतं?”

गुरव नारळ फोडता फोडता हसला. “वैनी, आपण ‘खणू द्यायचं का’ एवढंच विचारलं. सापडेल का, ते कुणी विचारलं?”